स्टेअरिंग सोडून वाजवलेली टाळी

दसऱ्याच्या दुपारी नांदेडहून अहमदपूरला एका नव्या कोऱ्या गाडीतून आलो... आणि तेव्हापासून मागून हॉर्न वाजला की छातीत धस्स होतं.

गाडी बालाजीची. माझा पस्तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. शोरूममध्ये गाडीवरचं कापड सरांच्याच हातून ओढायचं, हा त्याचा हट्ट. ओढलं. लिंबावरून चाक गेलं, फोटो निघाले. जन्मभर लाल बावट्याखाली पायी चाललेला मी माणूस, पण खरं सांगतो, मऊ सीटला पाठ टेकली आणि गार वारा लागला तेव्हा बरं वाटलं.

लोहा गाव मागं पडलं आणि त्याची बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "सर, एखादी कविता म्हणा की. रील करते."

मला एवढं पुरतं. जुन्या पाठ्यपुस्तकातली बैलगाडीच्या वाटेची कविता सुरू केली. बाहेरच्या रस्त्याला कधीकाळी दोन्ही बाजूंनी चिंचा होत्या, त्या सावलीतून मी सायकलवर शाळेत जायचो... डोळे मिटले की अजून दिसतात. मी मिटले.

आमच्या वर्गात एक रीत होती. कडवं संपलं की मी एक टाळी द्यायची, पोरांनी दोन टाळ्यांनी उत्तर देऊन पुढचं कडवं उचलायचं. सवयीनं माझी टाळी वाजली. आणि पन्नाशीला आलेल्या बालाजीनं, माझ्याकडं बघत, स्टेअरिंग सोडून दोन टाळ्या दिल्या.

गाडी डावीकडं ओढली गेली. कडेला सोयाबीन वाळत घातलेलं होतं, ते टायरखाली करकरलं. त्यानं गाडी सावरली आणि आम्ही तिघंही हसलो. हो, मीही.

दुसऱ्या दिवशी रील गावभर झाली. जुने विद्यार्थी फोन करून राहिले, 'सर, वर्ग आठवला' म्हणून. मी स्वतः चार वेळा बघितली, सगळा वेळ स्वतःलाच. पाचव्या वेळी डावीकडच्या काचेत एक लाल लुगडं दिसलं. ते मागं कोसळलं, आणि काच पुन्हा मोकळी झाली.

बालाजीला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आरशात बघितलं होतं सर मी. उठून बसली ती. काही न्हाई झालं."

"मग थांबला का नाहीस?"

"दसऱ्याची नवी गाडी सर... माणसं जमली असती."

म्हणजे तो हसला तेव्हा त्याला माहीत होतं. रील काढून टाक म्हणालो, तर म्हणे, लोक तुमच्यावर खुश हायत, कशाला काढून टाकायची.

तिसऱ्या दिवसापासून खरी भीती सुरू झाली. अनोळखी माणसं आपापल्या गाडीत माझा आवाज लावून, हात सोडून टाळ्या वाजवत होती. एकाच्या तर मांडीवर तान्हं लेकरू. सगळ्यांचे चेहरे उजेडात, छान. कडेला कोण होतं, ते एकाही रीलमध्ये नव्हतं.

राहवलं नाही. एसटीनं लोह्याच्या पुढच्या फाट्यावर उतरलो आणि सोयाबीनच्या जागेकडं चालू लागलो. हा रस्ता रुंद झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. चालणाऱ्याला किती जागा ठेवली, हे मोर्चात घसा फोडणाऱ्या मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. आता दर हॉर्नला गवतात उडी मारत होतो.

ती तिथंच होती. कौसाबाई, साठीची, दुसऱ्याच्या सोयाबीनवर रोजानं राबणारी. मनगट सुजलेलं, त्यावर फडकं, आणि त्याच हातात सूप.

"बाई, त्या दिवशीच्या पांढऱ्या गाडीत मी होतो."

तिनं मला खालवर बघितलं. "टाळीवाले गुरुजी व्हय? सुनंनं दावलं मला. कविता बरी म्हनलात. मंग आज गाडी कुटं हाय?"

"एसटीनं आलो. फाट्यापासून चालत."

"कडंनं?"

"हो."

"भ्या वाटलं का?"

"लई."

"आमी रोज हितंच असताव."

मी फोन काढून तिला रीलमधली ती काच दाखवली. तिला स्वतःचं पडणं त्यात दिसलंच नव्हतं. तिनं तीनदा बघितलं आणि एवढंच म्हणाली, "अजून एक हात आत आली असती गाडी, तर..."

मी तिथूनच बालाजीला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "लेकरा," ती म्हणाली, "तुजी माय चालती का रं कुटं कडंनं?" संध्याकाळी त्यानं रील काढून टाकली. दवाखान्यात न्यायला स्वतः येतो म्हणालाय.

पण माझा आवाज अजून फिरतोय, कुठल्या कुठल्या गाड्यांत. तो थांबवणं माझ्या हातात नाही. तुमच्या फोनवर ती टाळी आली तर पुढं पाठवू नका, एवढी विनंती.

निघालो तेव्हा कौसाबाईनं सूप खाली ठेवलं आणि फाट्यापर्यंत सोबत आली. मला गवताच्या बाजूला घेतलं, स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालली. मागून हॉर्न आला की सुजल्या हातानं माझा दंड धरायची, गाडी गेली की सोडायची...

बाई, तुमचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.