सेन्सॉरच्या टेबलावरचं पत्र

गल्लीत केबल आली त्या वर्षी संध्याकाळी सगळी घरं आतून निळी दिसायची, आमचं सोडून. माझे थोरले काका, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. त्यांना टीव्हीचं काय कौतुक? रविवारी दुपारी मी त्यांना तमिळ साप्ताहिकातली चालू कादंबरी वाचून दाखवायची. तीही मराठीत. चपला आणि तमिळ, दोन्ही उंबऱ्याबाहेर, असा त्यांचा कायदा होता. बाजारात जन्मभर तमिळमध्ये भांडलेला हा माणूस घरात तिचा एक शब्द खपवून घेत नसे. त्यामुळे डोळ्यांनी तमिळ वाचायचं आणि तोंडानं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून जपलेलं आमचं मराठी बोलायचं, ही कसरत माझ्या वाट्याला. चिडायची मी, पण करायची.

कादंबरी निव्वळ भाकडकथा होती. महायुद्ध चाललेलं, आणि पुढच्या काळातून एक हेर बाई मागे येते. मद्रासच्या सेन्सॉर कचेरीतला, म्हणजे लोकांची पत्रं फोडून तपासणाऱ्या कचेरीतला, एक कारकून साहेबाला एक पत्र देणार असतो. ते त्यानं दाबावं, एवढंच तिचं काम. वाचता वाचता मला हसू आलं. काका हसले नाहीत.

"तो कारकून मीच," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारचळ. पण पुढे ते बोलले ते अगदी सरळ होतं. युद्धाच्या काळात ते खरोखरच तशा कचेरीत होते. तिथं मोडी वाचणारा दुसरा कोणी नाही, म्हणून मोडीतलं प्रत्येक पत्र त्यांच्याच टेबलावर. एके दिवशी किनाऱ्यावर कुणाच्या तरी झडतीत सापडलेलं पत्र आलं. अक्षर ओळखीचं, आमच्या समोरच्या घरातल्या मुलाचं. मलायात पलटण सोडून तो इंग्रजांविरुद्ध उभा राहिला होता. आईला लिहिलं होतं, अमावास्येला होडीनं उतरतो, मागचं दार उघडं ठेव.

"साहेबाचं मीठ खाल्लेलं, त्या माऊलीच्या हातचं पण," काका म्हणाले. "पत्र मी दिलों."

मुलाला उतरतानाच धरलं. पुढे फाशी दिली. आईला पत्र कधी पोचलंच नाही, तरी ती मरेपर्यंत मागचं दार लावत नसे. तिला कुणी सांगितलं, हे काकांना कळलं नव्हतं.

"आणि ती हेर बाई?" मी थट्टेनं विचारलं.

"आली होती की. पत्र देण्याच्या आधीं. टेबलापलीकडे उभी राहून आपल्याच भाषेंत म्हणाली, राहू दे, काका. मज तेव्हां तेवीस वर्षं. ती माझ्याहून मोठी दिसत होती. मज काका कोण म्हणणार? वाटलं, साहेबानेंच परीक्षा घ्यायला पाठवली. भ्यालों. भ्यालों म्हणूनच तर दिलों."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आल्याचा मला रागही आला.

पुढच्या रविवारी अंक उघडून आधी मनातच वाचला. कारकून उठतो, पत्र साहेबाच्या हातात ठेवतो, प्रकरण संपतं. समोर काका मांडीवर हात पालथे ठेवून बसलेले, श्वाससुद्धा जपून घेत होते. त्यांना एकदा तरी, निदान गोष्टीत, ते पत्र दाबायचं होतं. मला फार दया आली.

मी नजर अंकावर ठेवली आणि मनचं बोलत सुटले. कारकुनानं पत्र चुलीत घातलं. मुलगा उतरला, मागच्या दारानं घरात गेला. आईनं त्याला जेवायला वाढलं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, मी सेन्सॉरांत होतों. माणूस खरं कुठं गाळतो तें मज कानांनी कळतें. छापलेलं वाच."

मी अंक मिटला. छापलेलं त्यांना सांगायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

"राहू दे, काका," मी हळूच म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेव्हांही इतकंच हळू बोललीस," ते म्हणाले. "थोडं जोरानें बोलायचं होतं."