मायच्या औषधाचे शिक्के

तुले सांगतो गड्या, हे माह्या तोंडातून आजवर भाईर पडलं नाई. दोनदा पडता पडता राह्यलं. एकदा देवळाच्या ओट्यावर, एकदा दादाच्याच ताटापुढं. दोन्ही खेपा घासासंगं गिळून घेतलं. आज लिहून राह्यलो. भरभर लिहून राह्यलो, कारन हात थांबला की पुन्हा गिळीन. अक्षर लागत नसन तर नसू दे.

थांब, आधी दादाचं सांगतो. नाईतर तुले कळन कसं?

दादा म्हनजे माहा मोठा भाऊ. आमी जऊळक्याचे. बाप लवकर गेला, त्याच्या दुखन्यात मायच्या गोठ-पाटल्या गेल्या. घरात राह्यलो आमी तिघं. दादाले ना दारूचा नाद, ना पत्त्याचा. त्याले नाद जुन्या शिक्क्यांचा. गाडी पुलावर आली की लोकं खिडकीतून नदीले पैसा वाह्यतात ना? दादा लहानपनी खालच्या डोहात बुड्या मारून ते काढे. पह्यली शिवराई त्याले तशीच सापडली, काठावर चिरलेली. चालत नव्हती कुठंच. म्हनून ठेवली. मंग ठेवतच गेला. बाजारात कोनाच्या गल्ल्यात जुना शिक्का दिसला की चालता पैसा द्यावा आन तो घ्यावा. हिंगोलीकडच्या एका बैलवाल्यापासून निजामाचा चारमिनारवाला हाली रुपया घेतला. रानीछाप चांदीचे रुपये तर लय जमले. एका रुपयावर फारसी अक्षरं व्हते, गावात कोनालेच वाचता येत नव्हते. दादा म्हने, वाचता येत नाई म्हनूनच तर ठेवला.

ऐतवारी दुपारी घोंगडीवर सारे मांडे. मले म्हने, डोये मीट, बोटानं सांग कोनता हाय. मी सांगो. कधी चुकलो नाई. म्हनजे पाह्य — ते मले बोटानं ओळखू येत व्हते. परके नव्हते ते.

मंग लढाई लागली आन दादा मिलिटरीत भरती झाला, मोटर हाकायले. ब्रह्मदेशाकडं गेला. निंगतानी लाल खारव्याच्या थैलीचं तोंड सुतळीनं बांधलं, जवारीच्या कनगीत खोल खुपसली. चिरलेली शिवराई तेवढी सदऱ्याच्या खिशात ठेवली. मले म्हने, “मायले जप. आन थैलीकडं ध्यान ठेव.”

दोनच कामं सांगतले. दोनच!

आता सायकलीचं. गावातल्या शेठच्या दुकानात मी मापं घालो. शेठनं नवी सायकल आनली, गावात तशी दुसरी नव्हती. मले फक्त पुसायले दिली व्हती. पुसायले! मी तिच्यावर बसून स्टेशनाच्या उतारावर गेलो. काहून? पोट्टे पाह्यत व्हते म्हनून. दुसरं काहीच कारन नाई. दोन्ही हात सोडले, अन् समोरून सरकीची बंडी. मी उडालो धुऱ्यावर, अन् बंडीचं चाक गेलं सायकलीवरून. मले खरचटलंसुद्धा नाई. सायकलीचं जिलबीवानी कडं झालं.

शेठ ओरडला नाई. म्हने, आठ दिवसात नवीचे पैसे आन, नाईतर तुया मायसमोर बोलतो. माय काय करती? दोन थापडा मारती, चार दिवस बोलती, मंग माह्यासंगं शेठकडं येऊन हात जोडती. आन पोट्टे हासते. बस, एवढंच झालं असतं. एवढंही मले नको व्हतं.

माय कापूस वेचायले गेली तवा कनगीत हात घातला.

जवळ इकलं तर गावात कळन, म्हनून पायी पायी मानोऱ्याच्या बाजारात गेलो. तिथं एक सोनार जुने रुपये घेऊन त्याले नाकं बसवून देते, तांड्यावरच्या बाया काचोळीवर शिवतात ते. त्यानं एकेक रुपया दगडावर वाजवून पाह्यला. तांब्याचे सारे मोडीत टाकले. फारसी अक्षरांचा रुपया उलटापालटा केला आन बाकीच्यात फेकला. वाजला तो. मी पैसे घेतले आन वळून पाह्यलं नाई. येतानी रुळाजवळची बारीक खडी वेचली, थैलीत भरली, तशीच सुतळी बांधली. हात लावला तर जड लागाव म्हनून. एवढी अक्कल तवा कुठून आली, सांग?

शेठचं मिटलं. पोट्टे नव्या सायकलीच्या गप्पा करू लागले. मीही करू लागलो.

दोन महिन्यानं माय पडली. ताप, छातीत कफ, श्वास घेतला की खरखर वाजे. वाशीमचा डाक्टर पाहून गेला, म्हने सुया लागतीन, महाग हायेत, लढाईमुळं तर अजून महाग, पन आनल्या तर उठू शकते. उठन असं नाई म्हनला, मी वाढवून सांगत नाई. उठू शकते म्हनला.

मायनं मले जवळ बोलावलं. शेजारची काशीमावशी तिचे पाय चोळत बसली व्हती.

“थैली काढ,” माय म्हने. “चार रानीछाप मोड. तो आला की मी सांगीन त्याले.”

बोल ना, मी काय म्हनलो असन? आत्ता तरी खरं सांगाव, तिचे पाय धराव, शेठपाशी जाऊन रडाव. जीव चालला व्हता तिचा. मी म्हनलो, “नाई माय. दादाची वस्तू हाय. मी हात लावनार नाई.”

आन तिचं तोंड असं फुललं गड्या! काशीमावशीले म्हने, “पाह्यलं वं, भावाच्या वस्तूले शिवत नाई माहा पोरगा.” मंग मले म्हने, “बरं, मोडू नको. उशाशी तरी आनून ठेव. त्याच्या हातची हाय.”

मी ठेवली. उशाशी खडी ठेवली.

कोनापाशी उसनं मागायले तोंड नव्हतं. साऱ्या गावाले मालूम, ह्यांच्या घरी थैली हाय. जो तो तेच म्हनला असता. वैद्याचा काढा पाजत राह्यलो. नवव्या दिवशी माय गेली. सकाळी उजाडतानी, हात थैलीवर. बोटं खारव्यावरून फिरत व्हते आधी. खडी अन् शिक्का बोटाले सारखा लागते का? तिले कळलं असन का? हे मी रोज इचारतो. सांगनारी गेली.

तेराव्यानंतर खडी रुळावर फेकून आलो, रिकामी थैली पुन्हा कनगीत खुपसली.

लढाई सरल्यावर दादा आला. त्याले माय गेल्याचं पत्र तिथंच भेटलं व्हतं, पन सुट्टी भेटली नव्हती. मायच्या लुगड्याच्या खुंटीपाशी गेला, लुगड्याले हात लावला. मंग कनगीत हात घातला. रिकामी थैली भाईर आली.

“शिक्के कुठं हायेत रे?”

“मायनं मोडायले लावले,” मी म्हनलो. “सुयांसाठी.”

मेलेल्या मायचं नाव घेतलं. दादानं थैली उलटी करून झटकली. मले वाटलं आता मारन, अन् खरं सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हने, “किती दिवस निंघाले त्याच्यावर?”

“वीस.”

वीस! दादानं आकडा मागतला व्हता, पन खोटा थोडीच मागतला व्हता? नऊ दिवसाचे वीस केले मी. दादा खाली बसला, थैली तोंडाले लावली आन रडला. माय गेल्यापासून पह्यल्यांदा रडला असन. मंग डोये पुसून म्हने, “बरं झालं. मी नव्हतो, पन वीस दिवस माय माह्या शिक्क्यांवर जगली.”

तवापासून तो हे साऱ्यायले सांगते. मायच्या तिथीले जेवायच्या पंगतीत सांगतलं. काशीमावशी तिथंच तांदूळ निवडत बसली व्हती. तिच्यासमोर तर मी थैली उशाशी ठेवली व्हती, सुतळी न सोडता. तिनं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं. “हो का,” म्हने, आन पुन्हा खडे वेचू लागली. अजून तिनं काही इचारलं नाई. ती गल्लीत दिसली की मी दुसरीकडून जातो.

मागच्या महिन्यात दादा मले मानोऱ्याच्या बाजारात घेऊन गेला. एक तांड्यावरची बाई मीठ घेत व्हती, काचोळीवर रुपये झुलत व्हते. दादा थांबला. फारसी अक्षरांचा रुपया, मधोमध, नाकं बसवलेला.

“तो आपला,” दादा हळूच म्हने. मले वाटलं आता इचारन, की वाशीमच्या सुयांसाठी मोडलेले शिक्के इथं मानोऱ्याले कसे? पन तो हासला. “चांगल्या जागी गेला. वाजते तरी.”

परतीच्या वाटेवर त्यानं खिशातून चिरलेली शिवराई काढली. ब्रह्मदेशातून परत आलेली. माह्या हातावर ठेवली. “मायचं सारं तूच केलं,” म्हने. “हे तुह्यापाशी राहू दे.”

नाई म्हनायचं व्हतं. एक शब्द. मी मूठ मिटली.

लिहून राह्यलो तवा ती ह्याच कागदावर ठेवली हाय, वाऱ्यानं उडू नये म्हनून. डोये मिटून बोट फिरवलं, बरोबर ओळखू आली. तिकडं चुलीपाशी दादानं भाकरी उतरवली, मले हाक मारून राह्यला.

जातो. त्याच्याच ताटापुढं बसायचं हाय.