कीबोर्डला दम लागतो

बसा निवांत. चहा येईपर्यंत माझ्या हुशारीची एक गोष्ट ऐका. हुशारी हा शब्द मी लाजेखातर वापरतोय. सांगलीत अजूनही काही लोक मला बघितलं की डावा हात हवेत हलवून रामराम करतात. का, ते आज सांगूनच टाकतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी भजनी मंडळात पेटी वाजवायचो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच: मांडी घालायची, उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात मागं भात्यावर. बुवा म्हणाले 'काळी चार' की डोळे मिटून काळी चार. एवढंच माझं जग.

आमच्या गल्लीतल्या शंकरअण्णांचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, जत्रा, वाढदिवस, सगळीकडं जायचा. त्यांचा कीबोर्डवाला अचानक नोकरी लागून निघून गेला आणि अण्णा माझ्या दारात.

"मास्तर, पेटी येती न्हवं? मग ह्यो बी येतोय. पट्ट्या त्याच हायत."

"अण्णा, मी कधी हात नाही लावला."

"लावा की मग. मे म्हैन्यात विट्याला एका शेठच्या पोरीचं लगीन हाय. तिथं निभावलं तर खुर्ची कायमची तुमची. न्हाईतर पुण्यासनं मानूस आनतो."

खुर्ची! आयुष्यभर सतरंजीवर बसलेल्या माणसाला खुर्चीचं काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. स्टेज, लाइट, रंगीत शर्ट आणि खुर्ची. मला ती पाहिजेच होती.

कीबोर्ड आणायला आम्ही मिरजेला रफीकभाईंच्या दुकानात गेलो. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या तंबोरे घडवायचे, आणि आता दुकानात एका बाजूला तंबोऱ्याचे भोपळे नि दुसऱ्या बाजूला कीबोर्ड. भाईंनी एक बटण दाबलं, सनई. दुसरं दाबलं, बासरी. मग व्हायोलिन, मग घंटा. एकाच पट्टीतून! माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पेटीतून जन्मभर पेटीच निघाली होती. शेवटी त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि हेलिकॉप्टर आलं. मी दुकानाच्या बाहेर जाऊन वर बघून आलो.

"मास्तर, आत आहे ते," भाई म्हणाले.

खरं सांगतो, देवळात करतात तसा मी त्या यंत्राला हात जोडला.

तालमी सुरू झाल्या. स्टँडवर कीबोर्ड, समोरून ऑर्केस्ट्राच्या नावाचं मखमली कापड सोडलेलं, मागं मी खुर्चीवर. उडत्या गाण्यांत सगळं झकास. डाव्या हाताला तालाची बटणं होती, धावपळ होती. पण संथ गाणं आलं, मी एक लांब सूर धरला, दुसरा धरला, आणि कीबोर्ड गप्प. अण्णांनी वायर हलवली, चालू झाला. पुढच्या कडव्यात परत गप्प. उडत्या गाण्याला कधी नाही, संथ गाण्याला हमखास.

लाइटवाल्याला शिव्या झाल्या. बोर्ड बदलला. वायर बदलली. काही फरक नाही. मग मी विचार केला. विचार केला ही पहिली चूक.

"अण्णा, मला कळलं. हा दमतो."

"मशीन हाय मास्तर. दमंल कसं?"

"ट्रॅक्टर चढाला दमतो का नाही? लांब सुराला दम लागतो, अण्णा. गाणाऱ्याला लागतो, पेटीला लागतो. हे बिचारं परदेशी, तिकडं सगळी पळापळीची गाणी. संथ वाजवायची सवयच नाही त्याला."

अण्णांनी दमलेल्या बैलावरनं फिरवावा तसा कीबोर्डवरनं हात फिरवला. मग मान हलवली. "खरं हाय गड्या. मग काय करायचं?"

"दोन पाहिजेत. वर एक, खाली एक. भजनात एक बुवा थांबला की दुसरा सूर उचलतो, तसं."

झालं. परत मिरज. रफीकभाई म्हणाले, "अशी तक्रार आजवर कुणी आणली नाही."

मी म्हटलं, "तुमच्याकडं संथ वाजवणारं येतंय कोण?"

भाई चाट पडले. दुसरा कीबोर्ड तर दिलाच, वर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले की सांगलीच्या मास्तरांनी शोध लावलाय. बातमी साताऱ्यापर्यंत गेली. लोणंदचा एक वादक संथ गाणं झालं की कीबोर्डला टेबलफॅन लावतो, असं माझ्या कानावर आलं. मला वाटलं, चला, आपल्या हातून कलेची काहीतरी सेवा झाली.

विट्याचं लग्न उजाडलं. शेठ म्हणजे गलाईवाले, म्हणजे सोनं गाळायचा धंदा. दूर परमुलखात दुकान, लग्नापुरते गावाकडं आलेले. मांडवात नजर ठरेना. आणि स्टेजवर माझे दोन मजली कीबोर्ड. लोक येऊन बघून जायचे. शेठनीसुद्धा विचारलं, "दोन कशापायी?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "एक दमला की दुसरा."

दुपारी पाठवणी. माझी खुर्ची ठरायची ती इथंच. मी वरच्या कीबोर्डवर सनई लावली आणि संथ सूर धरला. काय सांगू तुम्हाला, मांडव विरघळला. नवरी रडतेय, आई रडतेय, मावश्या रडतायत. माझेही डोळे भरले. एवढं मोठं काम आपल्या एका बोटानं होतंय, या विचारानं मी डोळे मिटून घेतले आणि सूर आणखी लांबवला.

सनई बंद.

मी झटकन खालच्यावर गेलो. तोही बंद. दोन्ही एकदम! आणि सनई थांबली म्हणून रडणंही थांबलं. सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावलेल्या तशाच माझ्याकडं बघायला लागल्या. अण्णा लाइटवाल्याच्या अंगावर धावले. शेठ ताडताड स्टेजवर चढले, मखमली कापडाच्या मागं आले आणि तिथंच थांबले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "ह्यो डावा हात काय करतोय?"

मी खाली बघितलं. माझा डावा हात कीबोर्डच्या मागं, कापडाच्या आत, लयीत पुढं-मागं चालला होता. दोन्ही कीबोर्डच्या वायरी बोटांत गुंडाळलेल्या, पिना बाहेर लोंबतायत. आवाज बंद होऊनसुद्धा हात थांबला नव्हता. उलट जोरात चालला होता, सूर संपत आला की आपण मारतो तसा.

"भाता मारताय व्हय? आवं, आमी बी गावाकडं भजनातच वाढलो."

आणि शेठ असे हसले, असे हसले, की काय झालं ते लेकीला सांगतानाही त्यांना बोलता येईना. ती ऐकून रडता रडता हसायला लागली. मग आई, मग मावश्या. जाताना शेठ अण्णांना म्हणाले, "ह्या मानसाला काढू नगा. माझी पोरगी हसत सासरला गेली."

खुर्ची राहिली. पण हाताचं काय? खिशात घातला, बाहेर आला. मांडीखाली दाबला, तर उजवा हात चुकायला लागला. डावा हलल्याशिवाय उजव्याला काही सुचतच नव्हतं. शेवटी दुसरा कीबोर्ड परत गेला, आणि रफीकभाईंनी एका मोडक्या पेटीचा भाता काढून माझ्या स्टँडला मागून ठोकून दिला. आत काही नाही, नुसता हलतो. डावा हात खूश, उजवा खूश.

भात्याला अडतं म्हणून समोरचं मखमली कापड मात्र काढावं लागलं, त्यामुळं लोकांना तो भाता समोरून दिसायचा. गावोगाव माणसं लांबून बघायला यायची, 'हवेवरचा कीबोर्ड' म्हणून. अण्णांनी कुणाला खरं सांगितलं नाही, मीही नाही.

मग कवठे महांकाळला भर दुपारच्या कार्यक्रमात, संथ गाण्याच्या ऐन मध्यात, लाइट गेली. माइक बंद, कीबोर्ड बंद, मांडवात शांतता. पहिल्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा उठून उभे राहिले.

"आवं मास्तर, दमला काय? हवा मारा की जरा!"

आता खरं बोलायचं तर, तोवर मी जीव खाऊन मारतच होतो.