मेणाने बुजवलेली भोकं

इर्मट्राउट कोझिएल्स्की खाणीच्या धोबीखान्यात कामाला होती. खाणकामगारांचे काळे कपडे उकळत्या पाण्यातून उपसून तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत. उंचीने ती बेताची, पाय त्याहून लहान. छत्तीस नंबरचे फुटबॉलचे बूट बायकांसाठी कुणी बनवत नसे, म्हणून ती शाळकरी मुलांचे घाली. पण डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुटली की मागच्यांना तिची नुसती वेणी दिसायची.

हे सगळं बापाने, आल्विनने, शिकवलेलं. फुफ्फुसांत कोळसा बसल्यावर त्याला खाणीतून वर काढलं, तेव्हा खाणीच्या क्लबने त्याला मैदान सांभाळायला ठेवलं. चुन्याची गाडी ढकलत तो रेषा आखायचा. जर्मन फुटबॉल महासंघाने क्लबांची मैदानं बायकांना बंद केली त्याला तीन वर्षं झाली होती; तरी संध्याकाळी मुलीसाठी तो फाटकाला कुलूप लावायला ‘विसरायचा’. दर शनिवारी स्वयंपाकघरात बसून तिच्या बुटांच्या तळव्यांचे, पाय घसरू न देणारे, झिजलेले चामडी स्टड काढायचा, नवे ठोकायचा.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात तिची जर्मनीकडून खेळायला निवड झाली. संघ महासंघाचा नव्हता, बायकांनीच उभा केलेला; पण समोर हॉलंड होतं आणि मैदान नगरपालिकेचं, खरंखुरं गवताचं.

“बाबा, छातीवर जर्मनीचा गरुड असणार माझ्या!”

“शिवला कुणी?”

“वालबुर्गाच्या आईने.”

“मग कोंबडी दिसेल,” आल्विन म्हणाला, आणि खोकेपर्यंत हसला.

रविवारी, सामन्याआधी, कपडे बदलायच्या खोलीत तिने बुटांचं पुडकं सोडलं. तळवे गुळगुळीत होते. एकही स्टड जागेवर नव्हता.

“अगं बाई, नाचायला आलीस की काय?” राखीव खेळाडू वालबुर्गा म्हणाली. मग तिचा चेहरा बघून जवळ आली. “कुणी केलं गं हे?”

इर्मट्राउटने तळव्यावरून अंगठा फिरवला. चामड्याला कुठे ओरखडा नव्हता. एकेक खिळा पकडीने सरळ उपसलेला, आणि भोकांत मेण भरलेलं, पाणी शिरू नये म्हणून. इतक्या निगुतीने बूट हाताळणारा एकच माणूस तिला ठाऊक होता.

“काय माहीत,” ती म्हणाली.

सकाळीच पाऊस पडून गेला होता. ओल्या गवतावर ती दोन पावलं धावली आणि आडवी झाली. इतरांचे बूट तिच्या पायांत बादल्यांसारखे. प्रशिक्षकाने मान हलवली. तिच्या जागी वालबुर्गा उतरली. गरुड छातीवर घेऊन इर्मट्राउट बाकावर बसून राहिली. वालबुर्गा चांगली खेळली, तेच जास्त लागलं.

घरी आल्विन बटाटे सोलत होता.

“क्लबचे अध्यक्ष आले होते,” तिने काही विचारायच्या आतच तो म्हणाला. “म्हणाले, तुझी पोरगी रविवारी उतरली तर सोमवारी चुन्याची गाडी दुसऱ्याच्या हातात.”

“मग मला सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नसतं.”

“बघ!”

“भांडले असते, बाबा. घर सोडून गेले असते. तुम्ही मला भांडूसुद्धा दिलं नाहीत. काल माझ्यासमोर बसून बुटांना नव्या नाड्या घातल्यात. शिट्टी वाजवत.”

हातातला बटाटा खाली ठेवून तो म्हणाला, “चामडं खराब केलेलं नाही मी, ट्राउटे. परत ठोकून देतो.”

तिने बूट उचलले आणि वालबुर्गाच्या घरी नेऊन ठेवले. पुढे ती जर्मनीकडून नऊ सामने खेळली. महासंघाच्या लेखी एकही नाही. कोणता सामना कुठे, हे तिने घरात कधी सांगितलं नाही. आल्विनची गाडी शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहिली. बापलेक एकाच टेबलावर जेवत, एकमेकांकडे मीठ सरकवत.

एकदाच, टोपी डोळ्यांवर ओढून, तो दूरच्या एका मैदानावर गर्दीत उभा होता. ती चेंडू घेऊन डावीकडून सुटली, तेव्हा तो ओळखीचा, खोकल्याने घोगरा झालेला आवाज आला, “ट्राउटे, आत घे, आत!”

आत वाट मोकळी होती. तिलाही ती दिसत होती. ती कडेच्या रेषेवरूनच धावली, आणि चेंडू बाहेर गेला.