काजूच्या लेखाचा फॅक्स

शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास आला की विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ती दुपार आठवते. चंदगडच्या काजूवर पडणाऱ्या खोडकिडीवरचा माझा लेख परदेशी नियतकालिकानं स्वीकारला होता. तिथले लेख कुणालाही फुकट वाचता यायचे, छपाईचा खर्च लेखकाकडं. पण आमच्या ग्रंथालयाचा करार असल्यानं तो मला माफ होता. तरीही दोन पगारांएवढं बिल आलं, आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. "मॅडम, लेख कुठल्या ईमेलवरनं धाडलासा?" ग्रंथपालांनी विचारलं. "घरच्या." "मग तुम्ही विद्यापीठाच्या हायसा, हे त्यास्नी कसं कळणार?" ते कडाडले, पण मी विद्यापीठाचीच असल्याचं पत्र लिहून, त्यावर शिक्का मारून त्यांनी ते फॅक्सला लावलं. दोनदा लाईन तुटली. "राहू दे, लेख मागं घेते," मी म्हणाले. "गप बसा की!" ज्यांच्या बागेत मी तीन वर्षं किडी शोधल्या, त्या बागायतदारांनी विचारलं होतं, "छापल्यावर आमाला वाचाय मिळंल न्हवं?" मी हो म्हणून बसले होते. तिसऱ्यांदा फॅक्स गेला, बिल रद्द झालं, आणि त्या आनंदात मी लेखाच्या आभारात ग्रंथपालांचं नाव घातलं. परवा बागायतदारांच्या नातीनं मोबाईलवर तो लेख उघडून त्यांना मराठीत सांगितला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "आमचं नाव कुठं हाय यात?" मी आभारापर्यंत बोट सरकवलं. तिथं फक्त ग्रंथपाल होते.