ड्रायव्हर बदला, मामू

जलालुद्दीन शेख यांनी उभी हयात एसटी चालवली, आणि तीही गडचिरोलीहून धानोरा, मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकून पाहतं आणि रानडुकरं डिपर दिला तरी आपल्या मर्जीनंच बाजूला होतात. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीनं माणूस तर सोडाच, कुणाची कोंबडीसुद्धा उडवली नाही. धानोऱ्याच्या बाजाराला निघालेल्या बाया आधी पुढं डोकावून पाहायच्या. "जलालभाऊ हायेत का? मंग अंड्याची टोपली वरच्या फळीवर ठेवा, काई होत नाई."

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचे हाल होतात. जेवताना त्यांचा डावा हात गिअर शोधायचा. बेगम कनीज घाईघाईत ताट घेऊन आल्या की भाऊंचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. "अजी, मी काय ट्रक हाये का?" असं कनीज विचारायच्या.

शेवटी त्यांचा नागपूरचा भाचा आरिफ मदतीला धावला. तो कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. दोन हजार सातच्या सुमारास त्यानं एक जुना कॉम्प्युटर जुळवून मामाकडं आणून मांडला आणि त्यात लिनक्स नावाची प्रणाली टाकली. "मामू, याले व्हायरस लागत नाई, अन् फुकटात चालते," एवढंच त्यानं सांगितलं. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. भाऊंनी तो पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज आलं.

खेळायची त्यांची तऱ्हा मात्र जगावेगळी. हिरवा दिवा लागला की बाकीच्या मोटारी सुसाट सुटायच्या. भाऊ आधी डावीकडं पाहायचे, मग उजवीकडं, मग सावकाश निघायचे. वळणावर वेग कमी, चढावर खालचा गिअर. शर्यत संपून लोक पार घरी गेले असतील अशा वेळेला त्यांची लाल मोटार शेवटच्या रेषेवर पोचायची, अंगावर एक ओरखडा नसताना. पडद्यावर इंग्रजीत 'शेवटचे' असं काहीतरी उमटायचं. भाऊ समाधानानं हात झटकायचे. "सुखरूप आनली."

मागच्या गल्लीत देवराव राहायचे, भाऊंच्याच गाडीवरचे कंडक्टर. त्यांना ही बातमी लागल्यावर ते रोज दुपारी येऊ लागले. भाऊंच्या मागं खुर्ची टाकून बसायचे आणि स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. दोनदा वाजला की गाडी निघायची, एकदा वाजला की थांबायची. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचे लालसू आणि मंगली हे नवराबायको भाऊंचे जुने प्रवासी. मंगलीच्या गुडघ्याच्या औषधासाठी ते जिल्ह्याच्या दवाखान्यात यायचे आणि परतीची गाडी दुपारनंतर असल्यानं भाऊंकडं टेकायचे. तेही देवरावांच्या मागं चटईवर बसून पडद्यावरचा रस्ता बघायचे. मंगली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची, कारण गाडीत पिशवी अशीच धरायची असते.

एकच उणीव होती. चित्र अगदी ठोकळेबाज. झाड म्हणजे हिरवा डबा, डोंगर म्हणजे तपकिरी डबा. "मोहाचं झाड हाये का येनाचं, काई समजत नाई," लालसू म्हणाला. ही तक्रार भाऊंनी आरिफच्या कानावर घातली. ईदेला येताना आरिफनं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं, पेटी उघडून बसवलं, चालू केलं. चित्र दिसलं. "झालं, मामू!" म्हणत तो शेवयांची वाटी संपवून नागपूरची गाडी धरायला पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवरावांनी दोनदा पेला वाजवला. गाडी निघाली आणि लगेच अडखळली. पुन्हा हलली, पुन्हा अडली. रस्ता सरकायच्या ऐवजी उड्या मारू लागला. वळण दूर दिसत होतं, ते एकदम नाकाशी आलं. भाऊंनी स्टिअरिंगचं बटण दाबलं, ते दाबल्याचं गाडीला बऱ्याच वेळानं कळलं, आणि लाल मोटार कडेला रचलेल्या टायरांच्या ढिगात सरळ घुसली.

भाऊंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. आवाज ऐकून कनीज स्वयंपाकघरातून आल्या.

"काय झालं?"

"अपघात," देवराव म्हणाले.

"या अल्ला! कोनाले लागलं?"

"कोनाले नाई. टायरले."

मागं मंगली पदर तोंडाशी धरून बसली होती. "मले गाडी लागली," ती म्हणाली, आणि अंगणात पळाली. आयुष्यभर घाटातून प्रवास केलेल्या, कधी साधं मळमळलंही नव्हतं अशा बाईला एका जागी बसून गाडी लागली. भाऊंना अपघातापेक्षा हे जास्त लागलं. रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही.

मंगलीला बरं नव्हतं म्हणून ती आणि लालसू रात्री तिथंच राहिले होते. सकाळी चौकशी सुरू झाली. देवरावांचं पहिलं मत पडलं की लोड जास्त झाला. म्हणून लालसूला आणि मंगलीला बाहेर ओट्यावर बसवलं. "आमी बसलो म्हनून गाडी हालते का?" मंगलीनं तिथूनच विचारलं. आणि खरंच, रिकाम्या खोलीतही गाडी तशीच अडखळत होती. त्यांना मानानं आत घेतलं. मग भाऊंनी खेळ बंद केला आणि नुसता माउस फिरवून पाहिला. पडद्यावरचा बाणसुद्धा इथून नाहीसा होऊन तिथं उगवत होता. एखादी खिडकी धरून ओढली तर ती मागं आपल्याच तुकड्यांची रांग सोडत यायची.

"उभ्या गाडीले पन धक्के," भाऊ म्हणाले. "म्हनजे रस्त्याचा दोष नाई. गाडीतच हाये."

हे ठरल्यावर त्यांनी आरिफला फोन लावला. सगळी हकीकत ऐकून आरिफ पलीकडून शांतपणे म्हणाला, "मामू, ड्रायव्हर बराबर नाई. ड्रायव्हर बदला लागते."

भाऊंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा कानाला लावला. "काय म्हनला?"

"ड्रायव्हर, मामू. जुना हाये. नव्या कार्डाले तो चालत नाई. त्याच्यानंच झटके येऊन राह्यले."

भाऊंनी फोन ठेवून दिला. त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोरगं! मुरूमगावच्या रस्त्यावर भर पावसात ज्यांनी नाला ओलांडून लोकांना घरी पोचवलं, त्यांना म्हणतं जुना ड्रायव्हर चालत नाही!

पण भाऊ न्यायाचे पक्के. आरोप झाला तर तपासायला हवा. त्यांनी उठून खुर्ची मोकळी केली. "कनीज, बस इथी."

"मी? मले सायकल येत नाई!"

"तेच पाह्यजे. ड्रायव्हर बदलून पाहू."

कनीज बसल्या, बिसमिल्ला म्हणून बटण दाबलं. देवरावांनी पेला वाजवला. गाडी जागच्या जागी अडखळत उलटी फिरली आणि शर्यतीच्या विरुद्ध दिशेनं निघाली. धक्के तेच. मग देवराव बसले, मग लालसू बसला. लालसूनं तर हात जोडून गाडीला गोंडीत काहीतरी समजावलं. धक्के तेच.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाले. "ड्रायव्हरचा दोष नाई. चौकशीत सिद्ध झालं." आणि हा निकाल कळवायला त्यांनीच पुन्हा फोन लावला.

आरिफला हसू आवरायला बराच वेळ लागला. मग त्यानं समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरच्या पोटातसुद्धा एक ड्रायव्हर असतो, माणूस नव्हे, प्रोग्राम. कार्डाकडून काम करून घेणारा. कार्ड नवं आलं, पण वर बसलाय तो कुठल्याही कार्डावर जेमतेम भागवून नेणारा बदली ड्रायव्हर. तो नव्या कार्डाला हातच लावत नाही, सगळं चित्र बिचाऱ्या प्रोसेसरकडून हातानं काढून घेतो. "पटत नसन तं चाचनी करू," म्हणत त्यानं हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर टाइप करायला लावलं.

पडद्यावर तीन दातेरी चाकं आली. एक लाल, एक हिरवं, एक निळं, एकमेकांत दात घालून कण्हत कण्हत फिरणारी.

"गिअरबॉक्स!" देवराव ओरडले. "जलालभाऊ, यानं गिअरबॉक्सच खोलून दाखवला!"

भाऊ वाकून पाहत राहिले. दात बरोबर बसत होते, तेलाचा पत्ता नव्हता, पण गिअरचा दोष वाटत नव्हता. मग आरिफनं दुसरी ओळ लिहायला सांगितली. तिच्या उत्तरात भरभरून इंग्रजी आलं, आणि त्यातली, कार्ड थेट चित्र काढतं की नाही हे सांगणारी, एक ओळ वाचून दाखवायला तो म्हणाला.

"डायरेक्ट रेंडरिंग," भाऊ एकेक अक्षर लावत वाचू लागले, "नो."

त्यांचा चेहरा उजळला.

"देवराव! डायरेक्ट गाडीच नाई! दर थांब्यावर थांबत येऊन राह्यली!"

"हत् तेच्या मायले," देवराव म्हणाले, "आधी सांगाव नाई!"

फोनवर आरिफ म्हणाला, "मामू, याच्याहून बराबर मले पन सांगता येत नाई."

नवा ड्रायव्हर आरिफनं सीडीवर भरून नागपूरहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला. भाऊ स्वतः स्टँडवर घ्यायला गेले. "काय हाये पाकिटात?" त्या ड्रायव्हरनं विचारलं. "ड्रायव्हर," भाऊ म्हणाले.

बसवताना मात्र भाऊ एका जागी अडले. कॉम्प्युटरनं कोणता ड्रायव्हर वापरायचा ते एका फाइलमध्ये ओळीनं लिहिलेलं होतं. आरिफ फोनवर म्हणाला, "आता जुन्याची ओळ मिटवून टाका."

"मिटवू? काऊन?"

"त्याचं काम संपलं ना, मामू."

भाऊंचा हात बटणावरून मागं आला. "त्याची चूक काय? कार्ड अनोळखी, कोनी काई शिकवलं नाई, तरी त्यानं गाडी रस्त्यावर ठेवली. धक्के देत का होईना, पन ठेवली. चौकशी न करता काढत नाई मी कोनाले."

आरिफनं डोक्याला हात लावला असावा. पण मामा हटेनात, तेव्हा त्यानं तोड काढली. त्या ओळीच्या सुरुवातीला उभ्या-आडव्या रेघांची एक जाळी, म्हणजे हॅशची खूण, टाकायची. मग ओळ तिथंच राहते, पण कॉम्प्युटर ती वाचत नाही.

"म्हनजे रजेवर," भाऊ म्हणाले.

"हो मामू. भरपगारी."

कनीजनं त्या निमित्तानं शिरा केला. देवरावांनी पडद्याला उद्देशून चार शब्द बोलावेत असं ठरलं. ते उभे राहिले, "जाणाऱ्यानं कमी साधनांत सेवा केली," इतकं म्हणाले आणि पेल्यावर चमचा दोनदा वाजवून खाली बसले. लालसूनं टाळ्या वाजवल्या. मंगलीनं दोनदा शिरा घेतला.

मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तपासणीची दातेरी चाकं लावली तर ती भिंगरीसारखी गरगरू लागली. खेळ उघडला. रस्ता तेल घातल्यासारखा सरकला. झाडांना पानं आली, पानांखाली सावल्या आल्या. लालसू पुढं सरकून म्हणाला, "यातलं एकबी आपल्या जंगलातलं नाई," आणि तरीही खूश झाला. मंगलीनं पदर तोंडावरून खाली घेतला.

आणि तेव्हाच भाऊंना कधी न दिसलेली गोष्ट दिसली. रस्त्याच्या कडेला कठड्यामागं जे रंगीत ठिपके वाटायचे, ती माणसं होती. शर्यत पाहायला आलेली. बाया, माणसं, पोरं. सगळी हात वर करून हलवत होती.

भाऊंनी कचकन ब्रेक दाबला.

"काय झालं?" देवरावांनी विचारलं.

"हात दाखवून राह्यले ना लोक! दिसत नाई का?"

देवरावांनी पाहिलं. खरंच होतं. त्यांनी पेल्यावर चमचा एकदा वाजवला. बाकीच्या मोटारी सूं सूं करत बाजूनं जात होत्या, आणि लाल मोटार कठड्याला लागून प्रवाशांची वाट पाहत उभी राहिली. कुणी चढलं नाही. भाऊंनी रीतसर थोडं थांबून पहिला गिअर टाकला. शंभर हातांवर पुन्हा गर्दी, पुन्हा हात.

त्या दिवशी शर्यत संपलीच नाही. कनीज जेवायला बोलावत होत्या आणि भाऊ तिकडूनच सांगत होते, "येतो, येतो, एवढी सवारी घेऊ दे."