कंटेनरचं तोंड आणि साठेकाकांची भिंत

आमच्या घराण्यात पालिकेचा नियम इंचाइंचाने पाळणारा आजवर एकच माणूस झाला, आणि तो मी. माझ्यानंतर कोणी ती हिंमत केलेली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. माजिवड्यातल्या आमच्या कौलारू घरावर स्लॅब टाकायचा होता. काम होईपर्यंत सामान ठेवायचं कुठे? लोक नातेवाइकांकडे ठेवतात, ताडपत्रीखाली ठेवतात. माझ्या बाबांनी (उभी हयात गोदीत गेलेली!) एक अख्खा जुना लोखंडी कंटेनरच आणून अंगणात ठेवला. ट्रेलरवरून तो उतरताना सगळा पाडा बघायला जमला. बाबा छाती काढून म्हणाले, "आगबोटीवरनं दुनिया फिरून आलाय. आता आपल्या दारात ऱ्हानार!" मला तर दारात जहाजच लागल्यासारखं वाटलं. कॉलेजात मी आठवडाभर दुसरा विषय काढला नाही.

सगळं सामान आत गेलं. त्यात धाकटी बहीण सुरेखा हिचा लग्नाचा शालू होता आणि आईचं उखळही होतं. आमच्याकडे हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणत उखळात हळद कांडतात. आमच्या घरात त्या उखळाशिवाय कोणाला हळद लागलेली नव्हती. पुढे काम लांबलं, लग्न तोंडावर आलं आणि सामान कंटेनरातच राहिलं.

कंटेनरवर एकच माणूस नाराज होता. शेजारचे साठेकाका, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी रीतसर तक्रार केली आणि नेमके हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी पालिकेचे साहेब दारात हजर!

"हे काय आहे?"

"पेटी," बाबा म्हणाले.

"पेटी? अहो, यात माझं अख्खं ऑफिस मावेल! हे बांधकाम आहे की वाहन, ते सांगा."

"पाया नाय, मंग बांधकाम कसा? चाकं नाय, मंग गाडी कशी? पेटीच ना!"

साहेबांनी घाम पुसला. माणूस भला होता. "घराचं काम चालू आहे तोवर ठेवा. पण रस्त्यापासून अंतर सोडावंच लागेल." त्यांनी टेप लावून अंगणात चुन्याची रेघ मारली. "रेघेच्या आत घ्या. उद्या संध्याकाळी बघायला येतो. बाहेर दिसला तर उचलून नेणार."

बाबांनी हायवेवरून क्रेन आणवली आणि स्वतः मांडववाल्याशी भांडायला गेले. दिशा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं धूड माझ्या हाताच्या इशाऱ्यावर हलत होतं! "आन दे, आन दे! फिरव! अजून फिरव! मागे घे!" माझी नजर रेघेवरून क्षणभरही हलली नाही. रस्त्याला समांतर असलेला कंटेनर मी फिरवून त्याचं एक टोक रस्त्याकडे करून घेतलं, मग तो मागे मागे रेटत नेला आणि रेघेच्या केसभर आत बसवला. क्रेनवाल्याने सलाम ठोकला आणि घोडबंदरला कोणाचा तरी उलटलेला ट्रक उचलायला तो निघून गेला. परवाशिवाय येणार नव्हता.

आई चावी घेऊन आली. "सर बाजूला, शालू काढते."

तिने कंटेनरला एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. मग माझ्यासमोर उभी राहून अगदी शांतपणे म्हणाली, "पोरा, याचा दरवाजा कुठं हाय?"

दरवाजा होता ना! साठेकाकांच्या कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून होता, आणि मध्ये जेमतेम मांजर जाईल एवढी फट होती.

पाड्यातल्या सगळ्यांनी मिळून जोर लावला. ढिम्म! कोणीतरी म्हणालं, "गॅस कटर आणू, बाजूने कापू." बाबा हात पसरून आडवे झाले. "आधी मला कापा!" सुरेखा पायरीवर बसून रडायला लागली. "दादा, आता मी कुठल्या साडीत लग्नाला उभी राहू रे?"

"पण अंतर बरोबर आहे गं!" मी म्हणालो. (यावर आई जे बोलली ते छापण्यासारखं नाही.)

शेवटी आई पदर खोचून साठेकाकांच्या दारात गेली. मी मागोमाग, पण सुरक्षित अंतर सोडून.

"गुर्जी, तुमची भिंत पाडाया लागंल."

काकांनी चष्मा वर केला. "वहिनी, ती भिंत मंजूर नकाशात आहे."

"सुरेखाचा शालू अडकलाय आत. उखळ पन. उद्या हळद हाय पोरीची."

सुरेखा आमच्या घरातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. तिची संस्कृतची भीती काकांनीच घालवली होती, त्याच भिंतीपलीकडच्या व्हरांड्यात बसवून. काका आत निघून गेले. मला वाटलं, संपलं! बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पहार होती.

"माझ्या विद्यार्थिनीची हळद माझ्या भिंतीपायी अडणार नाही," ते म्हणाले आणि पहिला घाव त्यांनीच घातला. तो विटेऐवजी माझ्या चपलेवर बसला, पण भावना पोहोचली!

भिंत पडली, दरवाजा उघडला, शालू आणि उखळ बाहेर आलं. भिंत नाही म्हटल्यावर दोन अंगणांचं एक अंगण झालं. मांडववाल्याने दोन्हीवर मिळून मांडव घातला. दुसऱ्या दिवशी बायकांनी मधोमध उखळ मांडलं, साठेकाकूंनीही मुसळ धरलं आणि बँडवाले चढले थेट कंटेनरच्या टपावर! एवढ्या थाटाची हळद माजिवड्याने पाहिली नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगतो.

संध्याकाळी साहेब आले. टेप लावून बघितला. "अंतर अगदी बरोबर! कोणी ठेवला?"

मी हात वर केला. बाकी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"पण इथे भिंत होती ना?" साहेबांनी विचारलं.

साठेकाकांच्या दोन्ही गालांना हळद होती. "नवी बांधायला आपली परवानगी लागते," ते म्हणाले. "मी अर्ज करणार नाही."

घराचं काम संपल्यावर नियमाप्रमाणे कंटेनर गेला. बाबा त्याला हायवेपर्यंत पोचवून आले. भिंत मात्र परत झालीच नाही, आणि सुरेखा माहेरी आली की अजूनही आधी काकांच्या व्हरांड्यात जाते. त्या मोकळ्या जागेचा मला फार अभिमान आहे. ती माझ्यामुळे झाली! पाड्यालाही याची पुरेपूर जाणीव आहे. आजही गल्लीत कोणी गाडी मागे घ्यायला लागलं की तिघंचौघं धावत येतात. एकजण गाडीवाल्याला दिशा दाखवतो, बाकीचे मला धरून ठेवतात.